अंगी लागणं

“खातंय तर चांगलं, पण अंगी लागत नाही.” आष्टी तालुक्यात मांडीवर नातवंड घेऊन बसलेल्या कुठल्याही आजीच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मिळतं. ती मुलाचा दंड दोन बोटांनी चाचपते, पोटावरून हात फिरवते आणि सुनेला उद्देशून पण स्वतःशीच बोलल्यासारखं हे बोलते. लहानपणी मी ते इतक्यांदा ऐकलं की त्यात काही विचारण्यासारखं आहे हे कधी ध्यानातच आलं नाही. पुढे लोह, जस्त आणि लहान मुलांचं पोषण यांवरचं संशोधन वाचत गेलो तेव्हा उमगलं, की साठ-सत्तर वर्षं शिराझपासून बेळगावपर्यंत शास्त्रज्ञ ज्या प्रश्नाच्या मागे लागले होते तो या आजीचाच प्रश्न होता.

आष्टी तालुक्यातलं कडा म्हणजे बीड जिल्ह्याचा पश्चिमेचा काठ. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात, आणि पलीकडचा नगर जिल्हा इंग्रजांकडे. हद्द गेली, पण माणसांची ओढ नगर-जामखेड रस्त्याचीच राहिली. बाजारहाट, कॉलेज, मोठा दवाखाना यांसाठी माणसं बीडकडे तोंड न करता नगरकडे नाहीतर जामखेडकडे जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये नगरहून आष्टीपर्यंत रेल्वे सुरू झाली आणि वाटेत कड्याला स्टेशन झालं, तेव्हा पिढ्यान् पिढ्यांच्या त्या ओढीवरच रूळ पडले. जमीन बरीचशी हलकी, मुरमाड. पाऊस बेभरवशाचा. म्हणून खरिपात बाजरी आणि रब्बीत ज्वारी.

बाजरीची भाकरी करताना जवळून पाहावी. पीठ ताजंच लागतं, कारण बाजरीच्या दाण्यात तेल जास्त आणि दळल्यावर थोड्याच दिवसांत पीठ कडवट होतं. काठवटीत मूठभर पीठ, ऊन पाण्याचा हबका, आणि तळहाताच्या गादीने रेटून रेटून मळणं. नीट मळलं नाही तर थापताना कडा फाटतात. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात, मग उलटून, शेवटी थेट आरावर. पापुद्रा टम्म फुगतो. त्यातला एक तुकडा दुधात नाहीतर वरणाच्या पाण्यात कुस्करून दीड-दोन वर्षांच्या मुलाला भरवला जातो. आपली गोष्ट या कुस्करलेल्या तुकड्याची आहे. त्यात लोह किती, आणि त्यातलं मुलाच्या रक्तात किती पोहोचतं?

या भागात मुलांच्या भुकेचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला गेला तो बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे. १९७२ चा तो दुष्काळ पाहिलेली माणसं आज सत्तरीच्या पुढची आहेत. त्यांना तीन गोष्टी हमखास आठवतात: खडी फोडण्याचं काम, अमेरिकेहून आलेली लाल मिलो, आणि मुलांना वाटायची गोडसर सुकडी. मिलो जनावरांना घालायचं धान्य, ते माणसांवर खायची वेळ आली, ही बोच अजून गेलेली नाही. पण मुलं जगली ती त्याच मिलोवर आणि सुकडीवर, हेही तीच माणसं सांगतात.

दुष्काळ सुरू होत असतानाच, १९७० साली, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे हे दांपत्य जामखेडला आलं. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. आधी नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी काही वर्षं काम केलं होतं, आणि तिथेच त्यांना एक गोष्ट सलू लागली होती: बरं करून घरी पाठवलेलं मूल थोड्या दिवसांनी त्याच आजाराने परत येतं. पुढे ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले. तिथे त्यांना शिकवायला होते कार्ल टेलर. टेलर जन्मले मसुरीजवळ लंढोरला, आणि १९६८ साली नेव्हिन स्क्रिमशॉ व जॉन गॉर्डन यांच्यासोबत त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक ग्रंथ लिहिला होता. कुपोषण आणि जंतुसंसर्ग हे वेगवेगळे दोन शत्रू नाहीत, ते एकमेकांना हात देतात, हा त्याचा गाभा. हगवण लागलेलं मूल खाल्लेलं गमावतं, आणि खंगलेल्या मुलाला पुढची हगवण लवकर गाठते.

हा विचार घेऊन आरोळे जामखेडला आले आणि जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत त्यांनी काम मांडलं. गावोगाव विचारलं तर लोकांनी औषध मागितलं नाही. पाणी मागितलं आणि अन्न मागितलं. तेव्हा त्या गावांत जन्मलेल्या हजार मुलांमागे १७६ मुलं वर्षाच्या आत जात होती. आरोळ्यांनी लोकांचं ऐकलं. विंधन विहिरी घेतल्या, पाच वर्षांखालच्या मुलांसाठी गावातच सामायिक चुली पेटवल्या, आणि रांधण्याचं काम गावाकडेच ठेवलं. पुढे गावातल्याच बायांना शिकवून आरोग्य सेविका केलं. त्यांतल्या पुष्कळजणी निरक्षर, पुष्कळजणी दलित वस्तीतल्या. दंडाचा घेर मोजायचा, वजन करायचं, मीठ-साखर-पाण्याचं प्रमाण पाठ करायचं. सगळ्यांत अवघड काम मात्र वेगळंच होतं: हगवण लागली की मुलाचं खाणं-पिणं तोडायची रीत मोडायची.

ही रीत क्रूरपणातून आलेली नव्हती. पोटाला विसावा द्यावा, हा त्यामागचा विचार. पण ज्या मुलाच्या आतड्यांतून पाणी आणि क्षार वाहून चाललेत त्याला उपास घडवणं म्हणजे गळत्या घागरीचं भरणंही थांबवणं. हे डॉक्टरने सांगून पटलं नसतं. शेजारच्या बाईने आपल्या पदरच्या मुलाचं उदाहरण देऊन सांगितलं तेव्हा पटलं. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या निवडक प्रयोगांचं पुस्तक काढलं त्यात जामखेड होतं, आणि १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझ्या मते जामखेडचं मोठेपण पुरस्कारांत नाही. अंगी लागण्याचा प्रश्न ताटापुरता नसतो, तो पाण्याचा, आजारपणाचा आणि बाईच्या हातातल्या निर्णयाचा असतो, हे तिथे प्रयोगशाळेआधी कळलं यात आहे.

आता थोडं मागे आणि बरंच दूर जाऊ. १९५८ साली इराणमधल्या शिराझला आनंद प्रसाद नावाचे तरुण डॉक्टर काम करत होते. मूळचे बिहारमधल्या बक्सरचे. त्यांच्यासमोर २१ वर्षांचा एक रुग्ण आला. दिसायला दहा वर्षांचा. उंची खुंटलेली, वयात आल्याची खूण नाही, अंगात रक्त नाही. तो गव्हाच्या रोट्यांवर जगत होता आणि रोज माती खात होता. लोह दिल्यावर पंडुरोग हटला. पण नुसत्या लोहाच्या कमतरतेने उंची अशी खुंटेल का, हे कोडं उरलं. प्रसादांचा संशय जस्तावर गेला. पुढे इजिप्तमध्ये तसेच रुग्ण तपासून, त्यांना जस्त देऊन, त्यांची उंची वाढते आणि ते वयात येतात हे त्यांनी दाखवलं. तोवर माणसाला जस्त कमी पडू शकतं यावर कुणाचा विश्वास नव्हता. सगळ्या अन्नात ते थोडंथोडं असतंच, मग कमी कसं पडेल? अमेरिकेत जस्ताला आवश्यक घटकांच्या यादीत जागा मिळायला १९७४ उजाडलं.

कमी कसं पडेल याचं उत्तर रोटीतच होतं. धान्याच्या कोंड्यात आणि अंकुरात फायटेट नावाचा पदार्थ असतो. बियाण्याच्या दृष्टीने ती शिदोरी आहे. फॉस्फरस आणि खनिजं त्यात बांधून ठेवलेली असतात. बी रुजलं की फायटेज नावाचं विकर ती गाठ सोडतं आणि कोंबाला खाऊ मिळतो. आपल्या आतड्यात मात्र ती गाठ सोडायची सोय जवळजवळ नाही. त्यामुळे लोह आणि जस्त फायटेटच्या मिठीतच राहतं आणि तसंच बाहेर पडतं. शिराझमध्येच जॉन रेनहोल्ड यांनी १९७१ मध्ये दाखवलं की खेड्यातल्या न आंबवलेल्या रोटीत फायटेट फार असतं, आणि पीठ आंबवलं की ते उतरतं.

आंबवलं की उतरतं! हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरची आंबील आठवली. रात्री पीठ ताकात कालवून ठेवायचं, सकाळी शिजवायचं. मोड आलेले मूग-मटकी, भिजवून वाळवून दळलेलं नाचणीचं सत्त्व, भाकरीसोबत लिंबाची फोड. लिंबातलं क जीवनसत्त्व लोहाला विरघळलेल्या रूपात धरून ठेवतं. उलट भाकरी चहात बुडवून खाल्ली तर चहातली टॅनिनं लोहाला पकडतात, आणि आमच्याकडे सकाळी घाईत मुलाच्या हाती तेच येतं. आपल्या बायकांना रसायनशास्त्र ठाऊक होतं असं मी म्हणणार नाही. ते खोटं गौरवगान होईल. पण या पदार्थांत ती गाठ सोडायची युक्ती आहे, आणि ते ताटातून गेले की ती युक्तीही जाते, हे मात्र खरं.

हगवण आणि जस्त यांचं नातं जुळलं ते पुढे. १९९५ साली सुनील सझावाल आणि सहकाऱ्यांनी दिल्लीतल्या लहान मुलांवर केलेला अभ्यास छापला: हगवणीत जस्त दिलं तर ती लवकर आटोक्यात येते. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मीठ-साखर-पाण्याच्या जोडीला जस्ताची गोळी सांगितली. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस. आज आशाताईंच्या पिशवीत ओआरएसच्या पुडीशेजारी ती गोळी असते. चमच्यात पाणी किंवा आईचं दूध घेऊन त्यात विरघळवायची आणि पाजायची. अडचण एकच: तिसऱ्या दिवशी मूल खेळायला लागतं आणि उरलेल्या गोळ्या फळीवर राहतात.

बाजरीची कथा याच सुमाराला वेगळ्या वाटेने येत होती. पश्चिम आफ्रिकेत टोगो आणि आसपासच्या देशांत ‘इनियादी’ नावाची गावठी बाजरी पिकते. दाणा टपोरा, पीक लवकर येणारं. हैदराबादजवळ पटांचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत टोगोच्या त्या बियाण्यातून निवड करत ‘आयसीटीपी ८२०३’ हा वाण तयार झाला आणि १९८८ मध्ये तो महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. तेव्हा कुणाच्या मनात लोह नव्हतं. मोठा दाणा आणि कमी दिवस, शेतकऱ्याला तेवढं पुरेसं होतं. पुढे खनिजांच्या अंगाने बाजरीचे वाण तपासले गेले तेव्हा हाच वाण लोहाने भरलेला निघाला. म्हणजे कोरडवाहू शेतकरी वीस वर्षं ते पेरत होता आणि कुणालाच पत्ता नव्हता.

लोह मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. कणसावर मातीची धूळ बसली, मळणीयंत्राचं लोखंड घासलं गेलं, तरी आकडा फुगतो. म्हणून दाणे जपून, धातूचा स्पर्श टाळून मळायचे; धूळ मिसळली का हे ओळखायला ॲल्युमिनियम मोजायचं, कारण ते मातीत भरपूर आणि दाण्यात नगण्य. अशी चाळणी लावत इक्रिसॅटमधल्या के. एन. राय यांच्या गटाने त्याच वाणातून जास्त लोहाच्या ओळी निवडल्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या साथीने त्यातून ‘धनशक्ती’ आली आणि २०१२ पासून महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या हाती पडू लागली. किलोमागे ७० मिलिग्रॅमच्या आसपास लोह. हा संकरित वाण नाही, त्यामुळे चांगलं कणीस बाजूला काढून पुढच्या वर्षी तेच बी पेरता येतं. मराठवाड्यातही हे काम झालं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘एएचबी १२००’ हा लोहयुक्त संकरित बाजरीचा वाण दिला आणि २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ ही लोह-जस्ताची ज्वारीही. त्याच वर्षी देशभरातल्या नव्या बाजरी वाणांसाठी किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त अशी अट घालण्यात आली.

दाण्यात लोह वाढलं, पण अंगी लागलं का? पहिलं उत्तर बेळगावातून आलं. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांना एका दिवसात काहींना साध्या बाजरीचं, काहींना जास्त लोहाच्या बाजरीचं जेवण दिलं. अन्नात जराशा वेगळ्या वजनाचे, निरुपद्रवी लोह-अणू मिसळले होते. नंतर रक्तात ते किती सापडतात ते मोजलं. २०१३ मध्ये निकाल छापला. साध्या बाजरीतून दिवसाला सरासरी ०.२३ मिलिग्रॅम लोह शोषलं गेलं, समृद्ध बाजरीतून ०.६७. जवळजवळ तिप्पट, आणि त्या वयाच्या गरजेला पुरून उरेल इतकं. पण पोटात गेलेल्या लोहाचा दहावा हिस्साही शोषला गेला नव्हता. फायटेटची मिठी तशीच होती. फक्त तिच्यात न मावणारं लोह आता जास्त होतं.

दुसरं उत्तर ग्रामीण महाराष्ट्रातल्या निवासी शाळांमधून आलं. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या शोभा उडिपी आणि पद्मिनी घुगरे, आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे जेरे हास आणि सहकारी यांनी १२ ते १६ वर्षांची २४६ मुलं-मुली घेतली. सहा महिने काहींच्या ताटात लोहयुक्त बाजरीची भाकरी, काहींच्या ताटात साधी. खाऊ म्हणून शेवही त्याच पिठाची. सुरुवातीला १०० पैकी ४१ मुलांच्या अंगात लोहाचा साठा अपुरा होता. चार महिन्यांत लोहयुक्त भाकरी खाणाऱ्यांचा साठा वाढलेला दिसला, आणि ज्यांना आधी कमतरता होती त्यांच्यात ती सहा महिन्यांत भरून निघण्याचं प्रमाण साध्या भाकरीच्या तुलनेत १.६४ पट होतं. हे २०१५ ला छापून आलं. २०१८ मध्ये त्याच प्रयोगातला पुढचा भाग आला: लक्ष एकाग्र करणं आणि आठवणं यांच्या चाचण्यांतही ही मुलं सरस ठरली. औषध नाही, गोळी नाही. रोजचीच भाकरी.

मग ही भाकरी सर्वांत लहान, सर्वांत अडलेल्या मुलांना द्यावी असं वाटणं साहजिक होतं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधल्या १२ ते १८ महिन्यांच्या मुलांना नऊ महिने लोह-जस्तयुक्त बाजरीचे पदार्थ भरवण्याचा प्रयोग झाला. २०२२ मध्ये निकाल आला. एकूण गटात लोहाच्या निकषांवर किंवा वाढीवर ठळक फरक दिसला नाही.

हा निकाल मला बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा वाटतो. निवासी शाळेतल्या तेरा वर्षांच्या पोराला भूक सणसणीत, तो दोन्ही वेळा पोटभर भाकरी खातो. वर्षाच्या मुलाचं पोट मुठीएवढं. त्यात सर्दी, ताप, जुलाब यांची रांग. शरीरात कुठेही दाह असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि आतड्याच्या पेशींतून लोह रक्तात जाण्याची दारं मिटतात. जंतूंनाही लोह लागतं, म्हणून शरीर ते लपवतं. या संप्रेरकाची ओळख पटून जेमतेम पाव शतक झालं. वारंवार घाण पाणी पोटात गेलेल्या मुलांच्या आतड्यांची मऊ लव झिजते, शोषणाची जागाच कमी होते. वेल्लोरला साठ-सत्तरच्या दशकांत आतड्यांवर जे काम झालं त्यातून हे दिसू लागलं होतं. मुंबईच्या मुलांच्या बाबतीत नेमकं काय घडलं याचा निवाडा मी करणार नाही. पण या सगळ्यावरून मला वाटतं की मिटलेल्या दारापुढे धान्य कितीही कसदार आणून ठेवलं तरी ते दारातच राहणार. जामखेडच्या सेविका आधी पाणी आणि हगवण बघत होत्या, त्या उगाच नाही.

महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या १०० मुलांपैकी ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने सांगितलं. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ५४ होता. याच राज्याने, आणि सुरुवात मराठवाड्यातूनच करून, २००५ मध्ये राजमाता जिजाऊ पोषण मिशन उभारलं होतं, आणि २०१२ च्या पाहणीत दोन वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण ३९ टक्क्यांवरून २४ च्या खाली आलेलं दिसलं होतं. म्हणजे जमतं. आणि निसटतंही.

कड्याच्या परिसरात ते कसं निसटतं हे बघायला दसरा-दिवाळीच्या सुमाराला यावं. बाजरी नुकतीच खळ्यावरून घरात आलेली असते. आडत्याकडे नेली तर तिचा भाव रंगावर आणि दाण्यावर ठरतो. आतलं लोह कुणाला दिसत नाही, त्याचे दोन रुपये जास्त कुणी देत नाही. म्हणून बी निवडताना शेतकरी उतारा बघतो, कडबा बघतो. त्याला दोष कसा देणार? त्याच दिवसांत मुकादमाच्या गाड्या येतात. उचल घेतलेली कोयती, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, कोपीचे बांबू, एखादी शेळी, आणि नव्या बाजरीचं पोतं. पोत्यावर चादर टाकून त्यावर मूल बसवलेलं असतं. उसाच्या फडावर पाणी मिळेल ते. दळण लांब, म्हणून पीठ एकदाच जास्त दळून आणतात आणि ते कडू व्हायच्या आत संपवतात. आई पहाटे तीन-चारला भाकऱ्या थापून फडात जाते; मूल पाचटाजवळ मोठ्या भावंडाच्या हवाली. गार भाकरी, सोबत चहा.

इकडे गावातल्या अंगणवाडीत मुलांच्या वजनाचं रजिस्टर असतं. भाद्रपदापर्यंत आकडे भरलेले. त्यापुढे काही नावांसमोर ‘स्थलांतरित’ एवढाच शेरा, आणि पाडव्यापर्यंत रकाने कोरे. चैत्रात टोळ्या परतल्या की ताई त्या मुलांना पुन्हा काट्यावर उभं करतात. काटा स्थिर व्हायची वाट बघत आजी शेजारी उभी असते.